दोन्ही बाजूला खोल्या

माझी नात अनुजा जानेवारीत विलायतेला शिकायला गेली, तेव्हा आमच्या नायगावच्या चाळीतला अख्खा दुसरा मजला तिला टॅक्सीपर्यंत सोडायला आला होता. मी चौथी शिकलेली, पण शहराचं नाव पाठ करून ठेवलं होतं. लीड्स. समोरच्या खोलीतली पारकरीण म्हणाली, "लंडन नाय काय?" मी म्हटलं, "लंडनला तुझा भाचा आहे ना, हॉटेलात भांडी घासायला. माझी नात शिकायला चाललीय." ती रागावली, आणि टॅक्सी सुटल्यावर सगळ्यांच्या आधी तीच रडली.

आमची दुपारची जेवणं उरकली की तिकडे सकाळ होते. त्या वेळेला अनुजाचा फोन यायचा, तोंड दिसतं तसला. मुलगा लवू आणि सून मेघना दोघंही कामावर, म्हणून जे काय सांगायचं ते ती मलाच सांगायची.

"आजी, इथे बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात."

"तो काय म्हणतो?"

"काही नाही. मान हलवतो."

"मग म्हणतात कशाला?"

ती हसली. दुपारी चारलाच काळोख पडतो म्हणाली. रस्त्यावर हॉर्न नाही. माणसं जाताना दिसतात, पण टीव्हीचा आवाज बंद केल्यावर दिसतात तशी. नळाला दिवसभर पाणी, तेही गरम.

"मग सुख आहे गो तुझं."

"आहे ना," असं म्हणून ती खिडकीकडे बघत बसली.

"आणि हॉस्टेल?"

"सेम आपल्या चाळीसारखं. मधे पॅसेज, दोन्ही बाजूला खोल्या. टोकाला सगळ्यांचं मिळून एक किचन."

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, मग काळजीच नको. आमच्याकडे दिवसाउजेडी कोणी दार लावून घेतलं, तर लोक विचारतात, भांडण झालं की कोण गेलं? उघडं दार दिसलं की माणूस डोकावतंच. मी तिला सांगितलं, "दार उघडं टाक. तेवढ्याने कोण आलं नाही तर खुर्ची घेऊन पॅसेजमधे बस. हातात काहीतरी निवडायला घे."

"काय निवडू? इथल्या तांदळात खडे नसतात."

"मग पुस्तक घे."

पोरगी माझ्या शब्दाबाहेर नाही. तिथलं दार जड, आपोआप मिटणारं, म्हणून तिने बॅग आडवी लावून ते उघडं ठेवलं. येणारे-जाणारे मान वळवून पुढे जायचे, आत कोणी अंघोळ करत असल्यासारखे. मग तिने खुर्ची बाहेर काढली. पहिल्या पोराने विचारलं, किल्ली हरवली काय? दुसरीने तेच विचारलं. तिसरा भला निघाला, तो खाली जाऊन हॉस्टेलच्या साहेबालाच घेऊन आला. साहेब म्हणे, आगीच्या नियमाने दार बंदच पाहिजे, पॅसेजमधे खुर्ची चालत नाही. आणि काही त्रास असेल तर बोलायला आमच्या बाई आहेत, अपॉइंटमेंट घ्यावी लागेल.

"बोलायला अपॉइंटमेंट?" मी म्हटलं. "त्या मेल्याला चाळीत पाठव माझ्याकडे."

अनुजा हसत होती. हसता हसता तिची हनुवटी थरथरायला लागली.

"आजी, कधी कधी अख्ख्या दिवसात तोंडातून एकच शब्द निघतो. ड्रायव्हरला थँक्यू. मला परत यायचंय. तू हो म्हण. मग पपांना मी सांगते."

'हो' माझ्या ओठावर आलं होतं, खोटं कशाला बोलू. ती गेल्यापासून मला घास गोड लागत नव्हता. एक 'हो' म्हटलं असतं, की पुढच्या आठवड्यात पोरगी माझ्या बाजूला येऊन झोपली असती.

ती डोळे पुसत म्हणाली, "तिकडे दार उघडलं की कोण ना कोण असतंच. पारकर आजीला बोलव ना. रोज सांगतेस बाजारात गेलीय, झोपलीय."

पारकरीण बाजारात नव्हती आणि झोपलीही नव्हती. अनुजा गेली आणि चाळ रिकामी करायची नोटीस आली. टॉवर होणार म्हणून जो तो बिल्डरकडून भाडं घेऊन बाहेर पडला, कोण डोंबिवलीला, कोण विरारला. आमच्या घरात हे तिला कोणी सांगायचं नाही, अशी मीच ताकीद दिली होती. तिचा मजला गेला हे तिला परमुलखात कशाला कळायला हवं?

मी उठले. गुडघे धरत पॅसेजमधे गेले आणि तिने शिकवलं होतं तसा फोनचा कॅमेरा फिरवला. दोन्ही बाजूला कुलपं. दारांवर लाल रंगाने आकडे मारलेले.

"ही घे पारकरीण," मी कुलपाला बोट लावून म्हटलं. "ही शिरसेकरीण. हे शामराव. त्यांच्यापुढे सुंदराबाई. यायचं तर ये गो, माझी ना नाही. पण ह्यांच्यासाठी येत असशील तर कोणी राहिलं नाही."

तिने फोन तोंडाजवळ घेतला.

"तू दिवसभर एकटीच असतेस?"

"एकटी कशाला? टीव्ही असतो. होळीनंतर आपणही निघणार."

"दार उघडं ठेवतेस?"

"ठेवते."

"कोण येतं?"

"मांजर."

ती रडत रडत हसली. मी घरात येऊन बसले आणि विचारलं, "तिथे कोणाशी भांडलीस काय?"

"भांडू कशाला?"

"मी कुडाळवरून लग्न होऊन आले, तेव्हा ही पारकरीण माझ्याकडे ढुंकून बघत नव्हती. एकदा नळावर माझी कळशी बाजूला सारलीन. असली धुतली मी तिला, की संध्याकाळी स्वतःहून आली बघायला, ही बया आहे तरी कोण. गुपचूप बसणाऱ्याकडे कोण येतं? तुला छळणारं कोणी नाही?"

"आहे एक. माझा तवा घेते आणि न घासता ठेवते."

"मग बसलीस काय? जा. इंग्रजीत भांडता येतं ना?"

"थोडं थोडं."

"मग शिकायलाच गेलीयस."

त्यानंतर दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला तो किचनमधून. मागे कोणीतरी मोठमोठ्याने हसत होतं.

"आजी, ही बघ तवावाली. घानाची आहे. काय भांडते गं! हिला भाकरी शिकवतेय, हात पिठाचे आहेत. नंतर करते."

नंतर म्हणजे रविवारी. मग एक रविवार सोडून. परत यायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही.

"आला काय फोन?" मेघना कामावरून आली की चपला काढता काढता विचारते.

"अभ्यास करायला गेलीय ती. माझ्याशी गप्पा मारायला नाही," मी सांगते.

ती आत चहा ठेवायला जाते. दिवसभरात कोणाशी बोललेलं नसतं, म्हणून एवढं बोलतानासुद्धा माझा घसा खरखरतो. मग तिला हाक मारून उगाच सांगते, साखर कमी घाल.