नालवोगाच्या गिरणीतली दुसरी चाळणी

मित्रांनो, माझ्या अंगावर आज जो पांढरा थर दिसतो आहे, तो पिठाचा. एके काळी तिथे नुसता गंज होता. मी युगांडाच्या राजधानीतली, कंपालातल्या कबालागाला वस्तीतली जुनी गिरणी.

नालवोगाच्या नवऱ्याने मला मोठ्या हौसेने आणले. पाळकाला बोलावून माझ्यासाठी प्रार्थना केली. बायका डोक्यावर मक्याची टोपली घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "हिच्या पिठाचा पोशो कसा मऊसूत शिजतो!" पोशो म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा. मी कौतुकाने अधिकच घरघरत असे.

पुढे दुकानांत पुड्यांतले पीठ आले. नवराही देवाघरी गेला. दीर सेकित्तो दारात उभा राहून म्हणू लागला, "वहिनी, हे धूड भंगारात घाल. ईस्टरनंतर खोली मी भाड्याने देणार." नालवोगाचे पोट माझ्यावरच होते. ती मला रोज पुसत असे.

त्याच सुमारास एरिट्रियातून आलेली लेतेकिदान टेफची पिशवी घेऊन आली. टेफ म्हणजे खसखशीएवढे धान्य; त्याचे पीठ आंबवून इंजेरा नावाची मऊ, जाळीदार पोळी करतात. मी ते दळले. ती खूश होऊन गेली आणि पुढच्या खेपेला शेजारणींनाही घेऊन आली. माझ्या पोटात पुन्हा ऊब आली.

पण एक दिवस घात झाला. सकाळी मी सुकी मासळी दळली होती, आणि नालवोगाने घाईत त्यावरच टेफ ओतले. दुसऱ्या दिवशी लेतेकिदान पीठ परत घेऊन आली. डोळे भरलेले होते.

"ताई, आमचा ईस्टरचा मोठा उपास चालू आहे. दूध, अंडं, मासळी काही शिवत नाही आम्ही. इंजेरा तव्यावर टाकला आणि घरभर मासळी! सासूबाई ताटावरून उठल्या."

सेकित्तो हसला. "नुसता वासच ना? काटा तर नाही लागला? खायचं डोळे मिटून!"

"भावजी, उद्या तुमच्या चहात रॉकेल घालते," नालवोगा म्हणाली. "प्या डोळे मिटून."

त्या संध्याकाळी तिने माझे पोट उघडले. राखेने घासले, लिंबाने चोळले, गरम पाण्याने धुतले. दुसऱ्या दिवशी मला दिवसभर उन्हात वाळवले. टेफसाठी माझ्या पोटात बसवायची बारीक भोकांची वेगळी चाळणी आणली आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून खिळ्याला टांगली. बुधवार, शुक्रवार हे लेतेकिदानच्या लोकांचे वर्षभराचे उपासाचे वार; त्या वारी आणि मोठ्या उपासाचे सगळे दिवस मासळी बंद. मासळीवाली फणकारून गेली.

मात्र टेफ घेऊनही कोणी येईना. बातमी सगळ्या वस्तीत पसरली होती. सेकित्तोने भंगारवाल्याला निरोप धाडला. बुधवारी नालवोगाने त्याच नव्या चाळणीवर मूठभर मका दळला, दारातच शेगडीवर पोशो शिजवला आणि कालवणाशिवाय, नुसताच खात बसली. चर्चहून परतणारी लेतेकिदान थबकली. तिने एक घास घेतला. बराच वेळ चावला.

"नुसता मका लागतो," ती म्हणाली.

दुपारी ती पाच जणींना घेऊन आली. भंगारवाला आला तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. तो आल्या पावली परतला.

आज लेतेकिदानने खाणावळ काढली आहे; तिथे आमच्या वस्तीतल्या दोन मुली इंजेरा भाजतात. शेजारच्या कोळसेवाल्याची पोती संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत. सोमाली बायका ज्वारी आणतात, कांगोचे लोक सुका कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद. हे सगळे लांबून आले, पण नालवोगाची चूल त्यांनीच पेटती ठेवली. देव माणसे कुठून कुठे धाडतो आणि कोणाच्या हाती कोणाचा घास देतो!

आणि सेकित्तो? काल शुक्रवारी एक जण मासळीची टोपली घेऊन आला, तर हाच दारात आडवा आला. "ए बाबा, आज उपासाचा वार आहे, कळत नाही? शनिवारी ये!"

मित्रांनो, मला तेल द्या, माझे पट्टे बघा, हे तर मी मागेनच. पण त्याआधी एक करा. दुसऱ्याचे धान्य ओतण्यापूर्वी मला धुऊन घ्या. तेवढ्याने मी अजून पुष्कळ वर्षे दळत राहीन.