तोंडावरचा हात

राऊटरवरचा चौथा दिवा घरातून काही बाहेर जात असलं की लुकलुके. वाय-फायवरून फोनवर बोलणं चालू असताना तो बारीक, एकसारखा थरथरत असे. आता मात्र तो लुकलुकायचा थांबला आणि नुसता पेटून राहिला. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी घड्याळात पाहिलं. एक, दोन...

"हॅलो? ताई, आवाज तुटला तुमचा," टेबलावरच्या फोनमधून डॉक्टर म्हणाले.

खोलीत दाटीवाटीने बसलेली सतरा माणसं शहारली.

"तारीख विचारतेय, डॉक्टर! ऑपरेशनची..." बाईंच्या वहिनी कळवळून म्हणाल्या.

"काहीच ऐकू येत नाहीये."

मेलेल्यांची कंपनं आपल्याला कळतात असं सांगणाऱ्या, खुर्चीतल्या कंपनगुरूंनी शाल सावरली. "तिसरी खेप! डॉक्टरचा शब्द न् शब्द इथे पोचतो, पण हिचा प्रश्न जात नाही. ताई, तुझ्या तोंडावर हात आहे. कुणाचा, ते मी सांगायला हवं?"

वहिनींची बोटं ओठांवर गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांचा नवरा ऑपरेशनच्या टेबलावरून परत आला नव्हता.

तो बाईंचा थोरला भाऊ. बाई शाळेत विज्ञान शिकवत, वहिनी घरी रफूचं काम करत. कापडाचं छिद्र कुठे होतं ते मालकालाही सापडू नये असं. आता त्यांना सुईचं नाक सापडत नव्हतं. डाव्या खांद्याला दाराची चौकट लागे. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली ऑपरेशनने टिकेल, असं परगावच्या डॉक्टरांनी सांगून चार महिने झाले होते. चार महिने वहिनी "बघू" म्हणत होत्या; आता तारीख विचारायची तर गुरूंच्या बैठकीतच, असा त्यांचा हट्ट होता.

दुसऱ्या दिवशी बाई कामाला लागल्या. राऊटर लोखंडी कपाटामागून काढून खिडकीत ठेवला. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ओव्हन बंद करून पाहिला, चालू करून पाहिला. शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावून एक ते शंभर आकडे म्हटले. एकही गळला नाही.

"गुरू नसले की आत्माही रजेवर," मैत्रीण म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. भिंत किंवा अंतर आड येत असतं, तर आवाज बहुधा दोन्हीकडून तुटला असता. इथे फक्त जाणारा तुटत होता. म्हणजे बाहेर जायची वाट दुसरंच कुणीतरी अडवत होतं. त्यांनी राऊटरला आजवर जोडलेल्या फोनांची यादी उघडली. घरात फोन दोन, यादीत तीन. पहिल्याच दिवशी गुरूंनी "घराला कवच घालायला" पासवर्ड मागून घेतला होता.

पुढच्या बैठकीच्या सकाळी बाईंनी पासवर्ड बदलला आणि तो फक्त घरच्या दोन फोनांत घातला.

दुपारी पुन्हा गर्दी. फोन लागला. गुरूंनी डोळे मिटले. उजवा हात झोळीत गेला. "आले... आले बघा..."

दिवा शांतपणे लुकलुकत राहिला.

"डॉक्टर, ऐकू येतंय?" वहिनींनी विचारलं.

"अगदी स्वच्छ."

गुरूंनी झोळीत पुन्हा चाचपलं. "आत्मा वाट शोधतोय."

"वाट नाही, पासवर्ड," बाई म्हणाल्या. "सकाळी बदललाय मी. नवा काय आहे ते दादालाच विचारून सांगा."

"नास्तिकाच्या सावलीत कंपनं मरतात!"

"मग झोळीत काय चोळताय?" दारातून शेजारचे शिंपीकाका ओरडले.

बाईंनी आपला फोन शिंपीकाकांच्या हातात दिला. त्यात शाळेतल्या प्रयोगांचा तासाभराचा व्हिडिओ होता. "हे बटण दाबा. व्हिडिओ बाहेर जाऊ लागेल. वहिनी, तुम्ही बोलत राहा."

काकांनी दाबलं. दिवा नुसता पेटून राहिला. "हॅलो? तुटलं पुन्हा," डॉक्टर म्हणाले. काकांनी थांबवलं. "आता येतंय." पुन्हा दाबलं, पुन्हा तुटलं.

"आता कुणाचा हात, काका?"

"माझाच की!" काका स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"बोलणं बारीक तुकड्यांनी जातं," बाईंनी सांगितलं. "उशिरा पोचलेला तुकडा फोन टाकून देतो. बाहेरची वाट अरुंद. हे गुरू झोळीतल्या फोनवरून मोठाले व्हिडिओ सोडायचे. ऐन प्रश्नाच्या वेळी गाडी आडवी घालायचे. एवढाच चमत्कार. कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करण्याआधी विचारा: हा नसतानाही घडतं का? आणि आपल्याला घडवता येतं का?"

गुरूंनी झोळी उचलली. कुणी वाट अडवली नाही, कुणी पायही धरले नाहीत.

वहिनींची बोटं मात्र पुन्हा ओठांवर गेली होती. "वन्सं, हे खोटं निघालं. पण ह्यांचं झालं, ते तर खरं ना?"

बाई वहिनींजवळ येऊन बसल्या. "खरं. माझा भाऊ होता तो. धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर समोर आहेत, किती आहे ते त्यांना विचारा. भ्यायचंच तर खऱ्याला भिऊ या, वहिनी. जे विचारता येतं, मोजता येतं, त्याला."

डॉक्टरांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी धोका सांगितला, न लपवता. आणि थांबलं तर काय होईल तेही सांगितलं. एकही शब्द गळला नाही.

दिवा लुकलुकत होता. वहिनींनी ओठांवरची बोटं काढली आणि त्या फोनकडे वाकल्या.

"डॉक्टर, तारीख द्या. मी ऑपरेशन करून घेणार आहे."