अमुक्करा मीच, अश्वगंधाही मीच

अश्वगंधा बोलतेय मी, आणि खरं सांगते, लोकांच्या अपेक्षा वाहून पार थकलेय. इथे कुंभकोणमात मला तमिळमध्ये अमुक्करा म्हणतात. मुळी एकच, नावं दोन. उपटलं, वाळवलं, कुटलं आणि देवळाजवळच्या जडीबुटीच्या दुकानात डबीत भरलं, एवढंच माझं बालपण.

काय काय हवं असतं लोकांना माझ्याकडून! झोप, ताकद, तल्लख डोकं, गुडघ्यांना उतार, पोराला परीक्षेत मार्क. अहो, मी मुळी आहे, कुलदैवत नव्हे! ताण हलका व्हायला, झोप लागायला माझा थोडा हातभार लागतो म्हणतात, तोही सगळ्यांना नाही. दुकानदार हे कशाला सांगेल?

मंगलाबाईंनी मला घरी नेलं. तंजावुरी मराठी घरातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. रोज कोमट दुधातून अर्धा चमचा घ्यायच्या. पंधरा-वीस दिवसांत जरा डोळा लागू लागला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग बेंगळुरूहून त्यांच्या मुलीनं, हरिणीनं, शक्तीच्या कॅप्सूल पाठवल्या. वर इंग्रजीत लिहिलेलं, अश्वगंधा. डबीवर मात्र अमुक्करा, म्हणून मंगलाबाईंना वाटलं, हे काहीतरी निराळंच. झालं! शक्तीला सकाळी मी, झोपेला रात्री परत मीच. त्यात थायरॉइड कमी म्हणून जुनी गोळी चालूच, आणि मीही थायरॉइड वाढवू शकते. दोन महिन्यांत छाती धडधडू लागली, हात कापू लागले, वजन उतरलं. झोप पुन्हा गेली, तशा त्या चमचा शिगोशीग भरू लागल्या. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

हरिणी धावत आली. ओट्यावर डबी आणि बाटली शेजारी बघून तिनं कपाळावर हात मारला.

"अम्मा, दोन्ही एकच की गे! डॉक्टरांस सांगितलंस?"

"तें काय सांगायचं? मुळी तें. औषध नव्हे."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणखी काही घेता का?" मंगलाबाई पदर सारखा करू लागल्या. जन्मभर पोरांच्या थापा पकडल्या, आता स्वतःची चूक कशी कबूल करायची? मांडीवर पिशवी, पिशवीत मी. सांगा हो, सांगा! माझा जीव नुसता कासावीस झाला.

शेवटी त्यांनी डबी आणि बाटली टेबलावर ठेवली. "हेही घेते," म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रक्त तपासायला सांगितलं आणि चिठ्ठीवर थायरॉइडच्या गोळीखाली माझी दोन्ही नावं लिहिली. इतक्या वर्षांत औषधांच्या यादीत माझं नाव पहिल्यांदाच आलं. पुढे लिहिलं होतं, 'बंद'.

सुटले बाई! तुमच्याही फडताळात मी असेन, तर डॉक्टरांपुढे माझं नाव घ्यायला लाजू नका.