घडीमावशीचा भाता

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्यानं एकदा स्वतःला तपासून घ्यावं. पण छापखान्याच्या बाइंडिंग खात्यातल्या घडीमावशीनं एका धडधाकट सुपरवायझरला दिवसाढवळ्या नाहीसं केलं, हे सूर्य उगवतो तितकं खरं आहे.

मावशीचं काम छापून आलेल्या तावाला घडी घालून पुस्तकाचा फर्मा करायचं. तिच्या हातची घडी इतकी पक्की, की फर्मा परत उलगडायला दोन माणसं लागत. नवरा गेला, मुलगा सुनेचा झाला, पण मावशीची घडी काही विस्कटली नाही.

त्या वर्षी छापखान्याच्या दारात एक मोठा फोटो लागला. मालक, ऑफिसातले लोक, मशीनवाले, वॉचमन, वॉचमनच्या पायाशी झोपणारं कुत्रंसुद्धा. बाइंडिंगच्या बायका तेवढ्या नव्हत्या. मग बातमी आली, की सोमवारी घडी घालायचं यंत्र येतंय. टेबलं उचलायची आणि बायकांनी घरी बसायचं.

"मग आमचा फोटो कधी?" मावशीनं सुपरवायझरला विचारलं.

"आता कशाला हवाय? आणि बजावून ठेवतो, खात्यात फोन बाहेर काढायचा नाही. फोटोबिटो चालणार नाही."

"फोन नाही काढणार," मावशी म्हणाली, आणि सुटी झाल्यावर तडक जुन्या बाजारात भंगारशेठच्या दुकानी गेली. जन्म गेला या टेबलाशी, आणि टेबलाबरोबर आपणही भंगारात जायचं, तेही फोटोशिवाय? हे तिला मान्य नव्हतं.

भंगारशेठनं तीन घडीचे कॅमेरे मांडले. मिटले की कोटाच्या खिशात मावतील असे. झाकण उघडलं की भिंग पुढे येतं आणि त्याच्या मागे घड्याघड्यांचा काळा भाता पसरतो. फिल्म चांगली रुंद, त्यामुळे चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो.

मावशीनं पहिल्याचं भिंग चिमटीत धरून हलवलं. "याची मान डुगडुगते. माझ्या धाकट्या दिरासारखी, कुणीही काही म्हटलं की हो." दुसरा तिनं उजेडाकडे धरला. भिंगाच्या आत बुरशीचं जाळं. "याला मोतीबिंदू झालाय." तिसऱ्याचं बटण तिनं कानाशी नेऊन दाबलं. आतली चाकं कुरकुरली आणि वेळेवर थांबली. "एक सेकंद म्हणतो आणि एकच सेकंद घेतो. असा पुरुष पहिल्यांदा बघतेय."

"मावशी, कॅमेरा घेताय की सून बघताय?"

"सून इतकी पारखली असती तर मुलगा अजून बिनलग्नाचा असता."

मग तिनं काउंटरखालच्या अंधारात तिसऱ्याच्या भात्यात टॉर्च घातला. घडीच्या कोपऱ्याकोपऱ्यातून चांदणं सांडलं.

"हा नका घेऊ," भंगारशेठ ओशाळला. "त्याची चाळण झालीय."

"मान ताठ हवी, डोळा स्वच्छ हवा. पोट मी नवं शिवते."

"बरं, पण आधी उघडायचा आणि मग फिल्म पुढे घ्यायची. भाता उघडताना हवा ओढतो, फिल्म फुगते आणि फोटो पुसट येतो. उघडायचाही हळू."

"घडी कशी उघडायची ते तू मला शिकव."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत सगळ्या बायका नव्या भात्याच्या कामाला बसल्या. पुठ्ठ्याच्या पट्ट्या, त्यावर बाइंडिंगचं काळं कापड, मध्ये खळ. पहिला भाता एवढा जाड झाला की कॅमेऱ्याचं झाकणच लागेना.

"पोट सुटलं याचं," पुस्तकं शिवणारी धागेवाली म्हणाली.

मावशीनं तो फाडला, पुठ्ठा टाकून पातळ कागद घेतला आणि दुसरा केला. त्याच्या घड्या इतक्या बारीक, की या टोकाहून निघालेली मुंगी त्या टोकाला नातवंडं घेऊनच पोचली असती. टॉर्च लावला. आत मिट्ट काळोख.

शनिवारी सुपरवायझर ऑफिसात गेला तशी मावशीनं न बांधलेल्या पुस्तकांच्या थप्पीवर कॅमेरा ठेवला, हळू उघडला आणि फिल्म पुढे घेतली. बटणाला शिवणीचा धागा बांधून त्याचं टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि सगळ्यांच्या मधोमध जाऊन बसली. धागा ताणलेला असेतो भिंगाचा डोळा उघडा, सोडला की बंद. खात्यात उजेड बेताचा, म्हणून डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा होता.

"मनातल्या मनात एका अख्ख्या फर्म्याच्या घड्या घालायच्या," ती म्हणाली. "तोवर पापणीशिवाय काही हलवायचं नाही. आभाळ कोसळलं तरी."

तिनं धागा ताणला, आणि आभाळ दारातून आत आलं.

"काय चाललंय? मी काय सांगितलं होतं? कुठाय फोन?"

कुणी हललं नाही.

"तुम्हाला विचारतोय. बहिऱ्या झालात? आताच्या आता उठा."

तो या टोकाकडून त्या टोकाकडे गेला, टेबलांखाली वाकला, थप्प्यांमागे शोधलं, कॅमेऱ्यासमोरून हात नाचवत परत आला. काळ्या डबीकडे त्याचं लक्षच नव्हतं. फोटो म्हणजे फोन, एवढंच त्याला ठाऊक. धागेवालीच्या नाकावर माशी बसली, फिरली, कंटाळून उडाली. नाक जिथल्या तिथं. मावशीचा फर्मा मनात पूर्ण झाला, शेवटची घडी दाबून बसवली, तेव्हा तिनं धागा सोडला.

"नाही हो साहेब, फोन नाहीच," ती उठत म्हणाली. "उगाच दमलात."

फोटो धुऊन आला. बायका इतक्या स्पष्ट, की सुईचं नेढं दिसावं. आणि सुपरवायझर? नावाला नाही. एवढा वेळ उघड्या राहिलेल्या डोळ्यासमोर जो येरझारा घालतो तो फिल्मवर टिकत नाही, जो ठाम बसतो तो टिकतो.

सोमवारी बायकांनी तो फोटो दारात, मोठ्या फोटोच्या शेजारी ठोकला. सुपरवायझर मालकाला ओढतच घेऊन आला. "माझ्यासमोर काढलाय हो. मी अडवत होतो."

मालकानं चष्मा पुसून पाहिलं. "यात तू कुठायस?"

"आणि हा उतरवला," धागेवालीनं मालकालाच सांगितलं, "तर आम्ही रोज येऊन या दारात अशाच बसू. आम्हाला न हलता बसता येतं, पाहताय ना."

टेबलं गेली. फोटो राहिला.

मावशी भंगारशेठला हे सांगायला गेली तेव्हा तिला चेव चढला होता. सुपरवायझर तेव्हापासून आरशातही दिसत नाही, हे त्यानं ऐकून घेतलं. मालक फोटोला रोज नमस्कार करतो, हेही घेतलं.

"आणि मी बसलेय मधोमध," मावशी म्हणाली, "ताठ मानेनं. मांडीवर हाच कॅमेरा, उघडलेला. भात्याची एकेक घडी मोजून घे."

भंगारशेठनं हातातला पेचकस खाली ठेवला.

"मावशी, कॅमेरा मांडीवर होता, तर फोटो कशानं काढला?"