दोरीचं दुसरं टोक

कुऱ्हाड कशी धरायची ते दाखवताना सासूने ओतिलियाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बोट तुटलं तर चालेल, बाकीची आहेत. पण चुलीतला विस्तव विझला तर खाली निघून जायचं. तो इलारियेच्या हातचा आहे."

इलारिये म्हणजे ओतिलियाचा नवरा. वसंतात मेंढ्या डोंगरावर चढल्या, तेव्हा मायलेकांनी लाकडावर लाकूड घासून तो विस्तव काढला होता. आमच्या डोंगरात तो असाच काढतात, एकाच घरच्या दोघांनी. काडेपेटी चालत नाही, लायटर चालत नाही. आणि एकदा काढला की शरदात मेंढ्या उतरेपर्यंत विझू द्यायचा नाही. यंदा उन्हाळा लागतो न लागतो तोच इलारिये बीचचं झाड तोडताना त्याच्याखाली सापडला. तो गेला, विस्तव राहिला.

ओतिलियाचा सगळा जन्म सिबिऊतल्या बुटांच्या कारखान्यात गेला होता. नवरा उन्हाळाभर डोंगरावर आणि ती शहरात मशीनवर, असा त्यांचा संसार. नवऱ्यामागोमाग कारखानाही बंद पडला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं. जायला दुसरी जागा नव्हती आणि सासूला, पारास्किवा म्हातारीला, एकटीने दूध काढणं होत नव्हतं, म्हणून ही डोंगरावर आली.

आली आणि शिकायला लागली. पावसातसुद्धा स्प्रूसच्या झाडाच्या बुंध्याजवळच्या मेलेल्या काटक्या कोरड्या असतात. भूर्जाची साल ओली असली तरी पेटते. स्प्रूस तडतडतो फार, टिकत नाही. रात्रीसाठी बीचचा ओंडका पाहिजे. कुऱ्हाड मारताना पाय फाकवून उभं राहायचं, म्हणजे घाव चुकला तरी नडगी वाचते. हे सगळं तिला कळत होतं, पण हात ऐकत नव्हते.

"गाठ मारतेस की बुटाची नाडी बांधतेस?" म्हातारी ओरडायची. "एवढ्याने ताडपत्री राहील होय? वारा काय तुझा साहेब आहे, सांगून येईल?"

उलट बोलायलाही ओतिलियात त्राण नसायचं. पहाटे दूध, मग सरपण, मग पाणी, मग चीज, पुन्हा दूध. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, त्यातली ती शिंगरू. रात्री अंथरुणावर पडली की नवऱ्यासाठी रडावं असं तिला वाटे, पण रडण्याआधीच झोप लागायची आणि सकाळी त्याचीच लाज वाटायची.

त्या दिवशी सकाळपासून भुरभुर लागली होती. मेंढके मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात गेले होते. एक लंगडी मेंढी मागे राहिली, म्हणून म्हातारी तिला शोधायला निघाली. जाताना म्हणाली, "कढईवरनं नजर हलवू नकोस."

कढईत चीज काढून उरलेलं पाणी उकळत होतं. ते सारखं ढवळत राहिलं की त्यातून आणखी मऊ चीज वर येतं. ओतिलिया ढवळत होती. मग ढवळता ढवळता बसली, आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

फस्स् आवाजाने ती जागी झाली. कढई उतू जाऊन सगळं पाणी चुलीत गेलं होतं.

तिने हातांनीच राख उकरली. वरची राख लगदा झाली होती, खालची नुसतीच कोमट. ती तळापर्यंत गेली, पण लाल असं काहीच सापडलं नाही. उन्हाळाभर दोघींनी जपलेलं त्याच्या हातचं शेवटचं काम एका डुलकीत गेलं. ती राखेचे हात तोंडाला लावून मोठमोठ्याने रडली.

रडून झाल्यावर तिला लायटर आठवला. इलारियेच्याच कोटाच्या खिशात तो सापडला होता. 'हाही त्याच्याच हातचा की,' तिने स्वतःची समजूत घातली. तिने ओला लगदा काढला, भूर्जाची साल ठेवली, वर काटक्या रचल्या, एका बाजूने हवेला वाट ठेवली. पहिल्याच फटक्यात जाळ धरला. इतका चांगला जाळ तिने आजवर पेटवला नव्हता, आणि तो कोणाला दाखवायची सोय नव्हती.

पारास्किवा लंगड्या मेंढीला ओढत आली. दारातच थबकली. करपलेल्या दुधाचा वास लपण्यासारखा नव्हता.

"निखारे कुठे आहेत?"

"मी... काटक्या घातल्या, आई."

"काटक्या दिसताहेत मला. निखारे विचारते मी."

ओतिलियाने सगळं सांगितलं. झोपेचं सांगितलं, लायटरचंही सांगितलं. म्हातारीने बादली उचलली आणि पेटत्या जाळावर ओतली.

ओतिलिया कोपऱ्यात जाऊन आपले कपडे गुंडाळू लागली.

"कुठे निघालीस?"

"खाली. तुम्हीच म्हणाला होतात ना."

"मी पुष्कळ काय काय म्हणते. दोरी आण."

दाराच्या दोन खांबांत समोरासमोर खोबण्या होत्या. म्हातारीने त्यांत झाडावरच्या वाळक्या आळंबीचा भुगा कोंबला, मधे आडवा दांडा बसवला आणि त्याला दोरीचे वेढे दिले. एक टोक स्वतः धरलं, दुसरं सुनेपुढे केलं. ताक घुसळतात तशी दोघी दोरी ओढू लागल्या. एकीने ओढायचं, दुसरीने सैल सोडायचं.

"खेच गं! मेलेली मासोळी धरल्यासारखी काय धरतेस!"

तळहात फुटले. दोरीला रक्त लागलं. दांडा कुरकुरत होता, पण धूर निघेना.

"तुम्ही मला हाकलून का नाही दिलं?" ओतिलियाने धापा टाकत विचारलं.

म्हातारीने ओढणं थांबवलं नाही. "तो गेल्यापासून रात्री सारखी उठते मी. चूल बघते. विझली असली तर?" तिला धाप लागली होती. "माझ्या घरचं दुसरं टोक धरायला कोण होतं? म्हटलं, हा विझला की संपलं. आता विझला. आणि तू बसलीस तिथे, घरच्या माणसासारखी रडून, राखेने तोंड काळं करून. खेच!"

ओतिलियाने खेचलं. रडतच खेचलं. आधी जळका वास आला, मग धुराची एक रेघ, मग भुग्यात मोहरीएवढा लाल ठिपका. म्हातारीने तो सालीत घेतला, फुंकर घातली आणि सुनेच्या हातात दिला. "तू ठेव."

ओतिलियाने तो चुलीत ठेवला. वर काटक्या, मग बारीक ढलप्या, मागे बीचचा ओंडका. ह्या खेपेला म्हातारीने एकही चूक काढली नाही. ओतिलियाने मागे वळून पाहिलं, तर ती फळीवर आडवी झाली होती.

"मी जरा पडते. तू बघ," एवढं बोलली आणि घोरायलाच लागली.

वरून खाली येणाऱ्या मेंढ्यांच्या घंटा ऐकू येऊ लागल्या. दूध काढायची वेळ झाली होती आणि ओतिलियाला बोटं मिटवत नव्हती. तरी तिने म्हातारीला हाक मारली नाही. म्हातारीच्या पायांत चिखलाचे बूट तसेच होते. ओतिलिया खाली बसली आणि ओल्या नाड्यांच्या गाठी एकेक करून सोडवू लागली. बूट कसे काढायचे, ते तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.