लापलापातलं मीठ

मित्रांनो, दूर समुद्रातल्या मालेकुला बेटावरचा मी एक जुना टेपरेकॉर्डर. झाकण तुटलंय, पण आवाज शाबूत आहे. तेच माझं दुर्दैव.

एक संशोधक पाहुणे मला एका कोऱ्या कॅसेटसह इथे ठेवून गेले. नारूल भाषा बोलणारी दोनच माणसं उरली होती: लिसेर आजी आणि तिचे जावई मासिंग. "दोघांच्या गप्पा भरून ठेवा, मी येतोच," असं पाहुणे म्हणाले. आमच्याकडे सासू-जावई एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्यांना विचारायचं सुचलं नाही. सांगायचं कुणाला सुचलं नाही.

दोघांना जोडणारी आजीची लेक, म्हणजे मासिंगची बायको, तापाने गेली होती. मासिंगच्या मुला-नातवंडांना सगळ्या बेटांवर चालणारी बिस्लामा तेवढी येई. निरोप्या म्हणून मीच उरलो.

मासिंग किसलेल्या कंदांचा लापलाप पानांत भाजून तिला पाठवत. आजी म्हणे, "डब्या, त्याला सांग, लापलाप दगड झालाय. कंद भाजलेस की गोठवलेस?"

ती गेली की मासिंग येत, ऐकत आणि म्हणत, "डब्या, आईंना म्हणावं, दात सापडले की परत खाऊन बघा."

आजी ते ऐकून इतकी हसे, की कोंबड्या पळत.

कॅसेट एकच. ऐकून झालं की ती मागे नेत आणि त्यावरच उत्तर भरत. बोलून झाल्यावर बटण तसंच चालू ठेवून कॅसेट संपेपर्यंत गप्प बसणं, हा इथला आदर. त्या आदराने आधीचं सगळं साफ पुसलं जाई. बारा वर्षं मी असाच बोललो आणि विसरलो.

एका सकाळी आजी आलीच नाही. महिन्याने मासिंगही गेले.

पाहुणे परतले. बटण दाबलं. मासिंगचं एक वाक्य, मग शांतता.

"आजोबा देवाशी बोलतायत," मासिंगची नात एलिन म्हणाली. पाहुण्यांनी वहीत लिहिलं: प्रार्थना.

आता दर रविवारी मला चर्चमध्ये लावतात. माना खाली जातात. मासिंग विचारतात, "डब्या, आईंना विचार, आज मीठ बरोबर पडलं ना?"

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला रोज पुसतात, माझ्यावर फुलं वाहतात. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस त्याच्या बोलीत काही विचारत असेल, तर उत्तर द्या. चुकतमाकत द्या, पण द्या.

इथे मीठ कमी होतं की जास्त, कुणी सांगत नाही. सगळे 'आमेन' म्हणतात.