टाकीतला वास आणि अणदूरचे पाहुणे

अणदूरचे पाहुणे मला बघायला यायचे होते आणि आमच्या बैठकीत नाक धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. दोष माशांच्या टाकीचा. अप्पांनी ती हौसेनं आणली, ऐन दारासमोर मांडली आणि तिची सगळी सेवा माझ्या गळ्यात मारली. वास इतका, की शेजारच्या हरणाबाई जिन्यातूनच विचारायच्या, "काय ओ शिवरंजनी, उंदीर मेला का घरात?"

नुसता वास असता तर मी घाबरले नसते. पण आम्ही लिंगायत, आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. पाहुणेही लिंगायत, आणि मुलाच्या आई पार्वतम्मा नाकानं घर पारखतात म्हणून प्रसिद्ध. एका घरी चहाच्या कपाला आमलेटाचा वास आला, तर कप तसाच खाली ठेवून उठल्या होत्या. हे मला त्या मुलानं, गौरीशंकरनंच फोनवर सांगितलं आणि वर खो खो हसला. मला तो आवडला होता, अगदी मनापासून आवडला होता. म्हणूनच त्या हसण्याचा संताप आला.

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? पाणी बदललं. तळातले खडे तांदळासारखे धुतले. फिल्टरचा स्पंज पिळून पिळून त्याचा जीव घेतला. मासे विकणारा दुकानदार म्हणाला, "ताई, खाणं जास्त पडतंय, खाली सडतंय." मी त्याच्यावरच खेकसले. खाणं घालायचं काम तेवढं आमच्या नागम्मा आज्जीचं, आणि आज्जीचा हात भाजीत मीठ घालतानासुद्धा चुकत नाही!

शेवटी अप्पांनी आपला उपाय काढला. अगरबत्त्या लावल्या, धूप घातला, कापूर पेटवला. त्यानं वास गेला तर नाहीच, उलट त्यात मोगरा मिसळला. आता आमच्या घरात देवळामागं काहीतरी कुजल्यासारखं वाटायला लागलं, आणि तेवढ्यात खाली गाडी थांबली.

पार्वतम्मा उंबऱ्यातच थबकल्या. एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच होती. पदर नाकाला गेला.

"काय शिजतंय ओ?"

अप्पा गडबडले. "शिजतंय कुठं? मासे हायेत न्हवं घरात!"

झालं! आईच्या मागं उभ्या गौरीशंकरचं तोंड पांढरंफटक पडलं. पार्वतम्मांनी काढलेली चप्पल शांतपणे पुन्हा पायात घातली.

माझ्या हातात चुरमुऱ्यांच्या सुशील्याच्या ताटल्यांचा ट्रे होता. तो मी अप्पांच्या हातात कोंबला, इरकलीचा पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि भर पाहुण्यांदेखत टाकीत खांद्यापर्यंत हात घातला.

"थांबा ओ मावशी! हे मासे, ह्या टाकीतले, जित्ते! वास कशाचा येतोय ते आता दावतेच तुमाला!"

मासे सैरावैरा पळाले. पाणी इरकलीवर, पाणी दिवाणावर, पाणी अप्पांच्या धोतरावर. प्लास्टिकच्या किल्ल्याच्या आत, जिथं स्वच्छ करताना माझा हात कधी गेला नव्हता, तिथं काहीतरी मऊ लागलं. ओढून काढलं. फुगलेला, बुळबुळीत लगदा, आणि वास तर विचारू नका. मी तो तळहातावर पसरला. गूळ. शेंगदाण्याचा कूट.

"ही तर शेंगापोळी हाय!"

सगळ्यांच्या माना दिवाणावर बसलेल्या आज्जीकडं वळल्या. आज्जी कपाळावरची विभूती जराही न हलवता म्हणाली, "व्हय. म्याच घालते."

"माशाला पोळी?" पार्वतम्मांचा पदर नाकावरून खाली आला.

"मग काय करू? त्या डब्यातल्या गोळ्यांत झिंग्याची पूड असती, दुकानदारानंच सांगितलं. शिवशिव! आपल्या घरात ऱ्हायचं आन् झिंगे खायचे? डबा दिला फेकून. रोज पोळी नाहीतर भाकरी चुरून घालते. सोमवारी साबुदाणा."

"खातेत का?"

"लई नखरे करतेत. लागंल सवय."

मला वाटलं, संपलं. माझ्या कोपरावरून पाणी टपकत होतं, हातात कुजकी पोळी होती, आणि ज्याच्याशी लग्न करायचं तो माणूस भिंतीकडं तोंड करून खांदे हलवत होता. रडतोय की हसतोय तेही कळेना. मग पार्वतम्मांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. त्यांनी ओठ दाबले, पण पोट हलायला लागलं. दाराची चौकट धरून त्या हसल्या, खाली बसून हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या. अप्पांच्या हातातल्या ताटल्या वाजायला लागल्या. आज्जी एकटी रागानं आम्हा सगळ्यांकडं बघत होती.

मला इतका आनंद झाला, की ओरडावंसं वाटलं.

पार्वतम्मांनी दोन्ही चपला काढल्या, आत आल्या आणि थेट आज्जीच्या पाया पडल्या. "अव्वा, आवं ज्या घरात माशाला बी सोमवार पाळावा लागतो, तिथं म्या कशाचा वास घेत बसू? कुंकू आणा. पण आदी पोरीला हात धुऊ द्या!"